दोन रकान्यांत न मावणारा मदरबोर्ड

पत्र थोडक्यात:

"नवा डेस्कटॉप स्वतःच जुळवतो आहे. प्रोसेसर ठरला, रायझन ७ ७७००. सोबत मध्यम ताकदीचं ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, एक नवी एनव्हीएमई एसएसडी आणि जुन्या संगणकातल्या दोन हार्ड डिस्क. काम म्हणजे हौशी व्हिडिओ एडिटिंग, थोडं प्रोग्रॅमिंग आणि अधूनमधून गेम. घोडं अडलंय मदरबोर्डपाशी. बी६५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे यूएसबी वगैरे जोडण्या सांभाळणारी बोर्डावरची चिप) एक मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, बोर्ड मला पसंत आहे. धाकटा भाऊ म्हणतो, 'एक्स६७०ई चिपसेटचा घे, नाहीतर दोन वर्षांनी पस्तावशील.' मी परीक्षणं वाचून गुण-दोषांचे दोन रकाने केले. गुण: ७६००पर्यंतची डीडीआर५ रॅम चालते, रॅमचे चार स्लॉट, २.५ गिगाबिट लॅन, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण, बिघाड दाखवणारे एलईडी, रंगीत दिव्यांच्या जोडण्या. दोष: व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेजची वीज पुरवणारा भाग) फक्त ८ फेजचं, ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेसच्या पाचव्या पिढीचा नाही, एसएसडीसाठीचे एम.२ स्लॉट दोनच, वाय-फाय नाही, ऑडिओची चिप जुनी, आणि काही ग्राहकांच्या मते बोर्ड 'पहिल्याच दिवशी डेड'. दोन्ही रकाने सारखेच भरले. आता ठरवू कसं?"
— रकान्यांत अडकलेला

प्रिय रकान्यांत अडकलेले,

तुमची यादी प्रामाणिक आहे. पण तिच्यात प्रत्येक ओळीचं वजन सारखं धरलंय, आणि गोंधळ तिथेच झालाय. वाय-फाय नसणं आणि व्हीआरएम अपुरं असणं हे दोन दोष तुमच्याकडे एकाखाली एक बसलेत. पण वाय-फाय उद्या एक छोटं कार्ड बसवून मिळतं. व्हीआरएम बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. ते जसं आलं तसं शेवटपर्यंत राहणार. तेव्हा दोषाच्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: ही उणीव नंतर भरून काढता येईल का? गुणांच्या पुढेही एक प्रश्न लिहा: हे मी खरंच वापरणार आहे का? एवढं केलंत की अर्ध्या ओळी आपोआप खोडल्या जातील. राहिलेल्या ओळींवरच बोलू.

सुरुवात व्हीआरएमपासून, कारण बदलता न येणाऱ्या गोष्टींत सगळ्यात महत्त्वाची हीच. एसएमपीएसकडून, म्हणजे पॉवर सप्लायकडून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात साधारण एक ते सव्वा व्होल्ट, आणि तेही भरपूर करंटसह. १२चे सव्वा करण्याचं काम सॉकेटभोवतीचे (प्रोसेसर बसतो त्या जागेभोवतीचे) मॉसफेट, चोक आणि कपॅसिटर मिळून करतात, आणि हे काम त्यांच्या ज्या समांतर तुकड्यांत वाटलेलं असतं त्यांना फेज म्हणतात. तुमच्या ७७०० प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलंय, पण प्रत्यक्षात सॉकेटला ८८ वॉटपर्यंत ओढायची मुभा आहे. म्हणजे करंट साधारण ७० ते ७५ अँपिअर. आठ फेजमध्ये वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला नऊएक अँपिअर येतात. या वर्गातल्या बोर्डांवर साधारणपणे प्रत्येक फेजचे भाग ५० ते ६० अँपिअरचे असतात. कागदावरचा तो आकडा आदर्श परिस्थितीतला असतो हे मान्य, तरी नऊ आणि पन्नास यांच्यात हवं तेवढं अंतर आहे. तुमच्या प्रोसेसरसाठी ही ओळ दोषांच्या रकान्यातून काढून टाका.

ती परत दोषांत कधी येईल? उद्या तुम्ही याच बोर्डावर १६ कोरचा, १७० वॉटवाला प्रोसेसर बसवलात तर. तो प्रत्यक्षात २३० वॉटपर्यंत जातो आणि सलग कामात १६० अँपिअरपर्यंत करंट घेऊ शकतो. असा प्रोसेसर तासन्‌तास रेंडरिंगला लावला आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती नसली, तर व्हीआरएम तापतं आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतं. अशा वेळी फेज किती यापेक्षा मॉसफेटवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आहे का, तो भरीव आहे की नुसता रंगवलेला पत्रा, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. आणखी एक. फेजचे आकडे फुगवण्यात कंपन्यांचा हात कुणी धरू शकत नाही. '८+२+१'मधले फक्त पहिले आठ प्रोसेसरच्या कोरसाठी असतात, बाकीचे इतर कामांसाठी. '१६ फेज' अशी जाहिरात असेल तर दोन-दोन भाग एकाच इशाऱ्यावर चालवून तो आकडा गाठलेला असू शकतो. त्यात काही वाईट नाही, पण आकडा पाहून हुरळून जाऊ नका. ज्या परीक्षणात पूर्ण ताण देऊन व्हीआरएमचं तापमान मोजलंय असं एखादं शोधा. तुम्ही घेणार आहात त्या दर्जाच्या प्रोसेसरवर ते ९० अंशांच्या आत असेल तर मी तरी पुढे विचार करणार नाही.

रॅमच्या दोन्ही ओळी तुम्ही गुणांत टाकल्यात. माझ्या हिशेबात दोन्ही अर्ध्याच भरतात.

'७६००पर्यंत' हा बोर्डाचा ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, दावा आहे. रॅमचा कंट्रोलर बोर्डावर नसतो, तो प्रोसेसरमध्ये असतो, आणि रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग ५२०० आहे. व्यवहारात ६००० वेगाची रॅम या प्रोसेसरवर छान जमते. त्याच्या बरंच वर गेलं की कंट्रोलरला निम्म्या वेगाने चालावं लागतं आणि कमावलेलं बरंचसं तिथेच जातं. म्हणजे बोर्डाने ७६०० म्हटलं काय आणि ८००० म्हटलं काय, तुमच्यासाठी सारखंच.

चार स्लॉट ऐकायला श्रीमंत वाटतात. पण डीडीआर५मध्ये चारही भरले की वेग पडतो. याच मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन मॉड्यूलना ५२०० आणि चार मॉड्यूलना ३६०० आहे. 'आत्ता १६च्या दोन घेतो, पुढे आणखी दोन लावतो' हा जुना हिशेब त्यामुळे आता तितकासा जमत नाही. ३२ जीबी हवी तर १६च्या दोन घ्या. एडिटिंग वाढेल अशी शक्यता आजच दिसत असेल तर ३२च्या दोन घ्या आणि विषय संपवा. लावताना बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. तुमच्या बोर्डाचं मॅन्युअल सांगेल तेच खरं.

ग्राफिक्सचा स्लॉट चौथ्या पिढीचा आहे, पाचव्या नाही. खोडा. मध्यम ताकदीच्या बऱ्याच कार्डांना मुळात सोळाऐवजी आठच लेन (डेटा जायच्या वाटा) जोडलेल्या असतात. तरीही चौथ्या पिढीत त्यांना एका दिशेने सेकंदाला जवळपास १६ जीबी मिळतात, आणि तेवढ्यात त्यांचं भागतं. पाचव्या पिढीच्या एसएसडीबद्दलही माझं हेच मत आहे: चाचणीचे आकडे डोळे दिपवतात, पण हौशी एडिटिंगमध्ये चौथ्या पिढीच्या, सेकंदाला सातेक जीबी वाचणाऱ्या एसएसडीपुढे फरक हाताला लागत नाही. उलट त्या तापतात जास्त.

आता भावाच्या सल्ल्याकडे येऊ. एक्स६७०ई म्हणजे काहीतरी वेगळीच, तगडी चिप असेल असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात बी६५०मध्ये जी चिप एक असते, तीच एक्स६७० आणि एक्स६७०ईमध्ये दोन, एकीमागे एक जोडलेल्या असतात. त्यामुळे यूएसबी, सॅटा (हार्ड डिस्क जोडायची पोर्ट) आणि जास्तीच्या स्लॉटची संख्या वाढते. पण त्या दोघींवर टांगलेलं सगळं काही प्रोसेसरपर्यंत जातं ते चौथ्या पिढीच्या चारच लेनमधून, म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबीच्या वाटेने. खोल्या वाढल्या, दार तेवढंच राहिलं. 'ई' अक्षराने ग्राफिक्सचा स्लॉट पाचव्या पिढीचा मिळतो, आणि त्याची तुम्हाला गरज नाही हे वर पाहिलंच. ओव्हरक्लॉकिंगसाठी एक्स लागतो असंही नाही, ते बी६५०वरही होतं. चार-पाच एसएसडी, कॅप्चर कार्ड, वेगवान नेटवर्क कार्ड असं सगळं एकाच पेटीत कोंबणाऱ्याला एक्स६७०ई शोभतो. एक एसएसडी आणि दोन हार्ड डिस्कवाल्याला तो शोभेपुरता. भावाला नमस्कार सांगा.

त्याच्या 'दोन वर्षांनी' या शब्दांत मात्र दम आहे. पण त्याचं उत्तर चिपसेटपेक्षा सॉकेटमध्ये आणि बायोसमध्ये जास्त आहे. आधीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण घ्या. २०१७ साली रायझनसोबत आलेल्या एक्स३७० बोर्डांपैकी अनेकांना २०२२मध्ये बायोस अपडेट मिळालं आणि त्यांच्यावर रायझन ५००० मालिका चालू लागली. पाच वर्षं जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर! तुमचा एएम५ सॉकेट २०२२ साली आला. एएमडीने त्याला २०२७ आणि पुढेही आधार देणार असल्याचं सांगितलंय, आणि २०२४ची रायझन ९००० मालिका याच सॉकेटमध्ये, अर्थात बायोस अपडेट करून, बसते. म्हणून फ्लॅशबॅकचं बटण तुम्ही एलईडी आणि रंगीत दिव्यांच्या पंगतीला बसवलंत ते मला पटलं नाही. प्रोसेसर आणि रॅम न लावता, नुसत्या पेन ड्राइव्हने बायोस बदलता येणं हा या बोर्डाचा फार मोठा गुण आहे. नवा प्रोसेसर आणला, जुना विकून टाकला आणि बोर्ड नव्याला ओळखतच नाही, अशा वेळी त्या बटणाची किंमत कळते.

बायोसबद्दल आणखी थोडं, कारण परीक्षणांत याला एक ओळसुद्धा मिळत नाही. २०२३ साली रायझन ७०००च्या एक्स३डी प्रकारचे काही प्रोसेसर काही बोर्डांवर अक्षरशः जळले. सॉकेटसकट. बोर्ड एसओसीला (प्रोसेसरमधल्या, कोर सोडून इतर भागाला) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते, हे त्यामागचं मोठं कारण. उपाय आला तो बायोसमधून: व्होल्टेजवर १.३ची मर्यादा घालणारी अपडेट निघाली. पुढच्या वर्षी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरची अस्थिरता गाजली, तिच्यावरचा मायक्रोकोडही (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बोर्डांच्या बायोस अपडेटमधूनच लोकांपर्यंत पोचला. तेव्हा ज्या कंपनीचा बोर्ड घेताय तिच्या साइटवर त्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर जा आणि बायोसच्या तारखा पाहा. वर्षभरात एकही नसेल तर तो दोष यादीत सगळ्यात वर लिहा, फेज आठ असोत की अठरा. तारखा नियमित असतील तर तो गुण, आणि तोही वर.

'पहिल्याच दिवशी डेड' या तक्रारी. काही बोर्ड खरंच मेलेले येतात, त्यात वाद नाही. पण डीडीआर५ आल्यापासून यातल्या कित्येक तक्रारींमागे वेगळंच काहीतरी असतं. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमशी जुळवून घेत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ पडदा काळा, पंखे फिरतायत, रॅमचा एलईडी पेटलेला. हे काही मिनिटं चालू शकतं, रॅम जास्त असेल तर आणखी. घाबरलेला माणूस बटण दाबून बंद करतो, पुन्हा चालू करतो, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तीनदा असं झालं की एक तारा देऊन परीक्षण लिहितो. दुसरं कारण पिनांचं. एएम५मध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावर असतात, आणि बसवताना प्रोसेसर तिरका पडला की वाकतात. हा बोर्डाचा दोष म्हणता येत नाही, पण भोगतो बोर्डच. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. वॉरंटीत बोर्ड परत पाठवायची वेळ आली तर ते लागतं.

थोडक्यात, तक्रारी वाचताना तारे मोजू नका. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या महिन्यांत, एकच नेमकी तक्रार केलेली दिसते का ते पाहा: 'लॅन मधूनच तुटते', 'झोपेतून जागा होत नाही', 'पुढची यूएसबी अर्धवट चालते'. अशी एकच गोष्ट पुन्हापुन्हा आली तर ती खरी धरा. आणि 'झकास बोर्ड, पैसा वसूल' हे बहुतेक वेळा खोका उघडल्याच्या आठवड्यात लिहिलेलं असतं, त्याला तेवढीच किंमत द्या.

ऑडिओची जुनी चिप? ऐकून फरक कळत असेल तर तुमच्याकडे यूएसबीवर चालणारा डॅक (आवाजासाठीचं वेगळं उपकरण) आधीच असेल. कळत नसेल तर प्रश्नच मिटला.

आता एम.२ आणि वाय-फाय. या दोन ओळी मी मुद्दाम मागे ठेवल्या, कारण इथे बोर्डाची मांडणी आड येते आणि मांडणी काही केल्या बदलत नाही.

मायक्रो-एटीएक्स बोर्डाची उंची २४४ मिलिमीटर, पूर्ण एटीएक्सची ३०५. कमी झालेली जागा जाते ती खालच्या स्लॉटांची. आजकालची ग्राफिक्स कार्डं अडीच-तीन स्लॉट जाडीची असतात. तुमच्या बोर्डावर पहिला एम.२ बहुधा प्रोसेसर आणि ग्राफिक्स स्लॉटच्या मध्ये असेल, दुसरा कार्डाखाली. दुसरी एसएसडी घालायची तर कार्ड उपसावं लागेल. त्रास आहे, पण वर्षातून एखादा. संख्येला मी दोष मानत नाही, तुम्हाला आज एकच लागते आणि हार्ड डिस्कना सॅटा आहेच. वाय-फायचं मात्र नीट पाहा. ते 'नंतर घेता येतं' असं मी वर सहज म्हटलं, पण ते कार्ड ज्या छोट्या स्लॉटमध्ये बसायचं तो जाडजूड ग्राफिक्स कार्डाखाली गडप होत असेल, तर ही भरून काढता येणारी उणीव राहत नाही. मग यूएसबीचा अडॅप्टर लावा, किंवा याच बोर्डाचा वाय-फायवाला भाऊबंद मिळतो का बघा. बऱ्याच मॉडेलचा असतो. संगणक राउटरजवळच असेल आणि केबल ओढता येत असेल तर सगळंच सोडून द्या, २.५ गिगाबिट लॅन आहे ना.

हे सगळं कळायचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे बोर्डाचं मॅन्युअल. ते विकत घेण्याआधी साइटवरून फुकट उतरवता येतं, आणि जवळजवळ कुणीच उतरवत नाही. त्यात बारीक अक्षरांत असतं: दुसरा एम.२ वापरला तर अमुक सॅटा पोर्ट बंद होतात का. खालचा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा असला तरी आत चार लेन आहेत की एकच. कॅबिनेटच्या पुढच्या टाइप-सीसाठी जोडणी आहे का. पंख्यांच्या जोडण्या किती. दोन हार्ड डिस्कवाल्या माणसाला पहिला मुद्दा महत्त्वाचा.

तुमच्या यादीत नसलेला एक गुण मी घालतो. ७७००मध्ये साधं का होईना, ग्राफिक्स आहे. त्यामुळे बोर्डामागचं एचडीएमआय चालतं. कार्ड बिघडलं, किंवा यायला उशीर झाला, तरी संगणक अडणार नाही. 'एफ' अक्षर असलेला प्रोसेसर, उदाहरणार्थ ७५००एफ, घेतला असतात तर तेच पोर्ट शोभेचं ठरलं असतं. बोर्ड तोच, गुण मात्र गेला. म्हणून प्रोसेसर ठरवल्यावर बोर्ड निवडायचा हा तुमचा क्रम बरोबर आहे.

तेव्हा माझा कौल बी६५०ला. बायोसच्या तारखा ताज्या असाव्यात, हीटसिंक खरा असावा आणि सॅटाची अट आड येत नसावी. हे तिन्ही जमलं तर घेऊन टाका. यातलं एकही फसलं तर त्याच चिपसेटचा दुसरा बोर्ड पाहा, एक्स६७०ईकडे उडी मारायची गरज नाही. वाचलेले पैसे रॅम किंवा एसएसडीत घाला, एडिटिंगला त्याचा उपयोग जास्त.

बोर्ड आला की आधी कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि दोन रॅम लावा, बाकी काही नको. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडा, चालू करा आणि पडदा काळा दिसला तरी बटणाला हात लावू नका. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. बायोस दिसलं की सगळ्यात आधी ते अपडेट करा, मग एक्सपो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, कारण तोवर तुमची ६०००ची रॅम कमी वेगाने चालत असते. रंगीत दिवे लावणारच असाल तर एक पाहा: तीन पिनांची जोडणी ५ व्होल्टची असते, चार पिनांची १२ची. पाचवाली पट्टी बारावर जोडली तर पट्टी जळेल, आणि मग तुम्ही बोर्डाला एक तारा द्याल.